इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींतून साथीचा माग: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

रुग्णालयांच्या डिजिटल नोंदी तुमच्या हाती आल्या आहेत आणि वरून सांगणं आलंय की यातून साथीची चाहूल लवकर लागली पाहिजे. अशा जागी नव्याने बसलेले डॉक्टर, साथरोगतज्ज्ञ आणि डेटा हाताळणारी मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. मी या कामात बराच काळ आहे आणि नवा माणूस नेमका कुठे अडकतो हे आता तोंडपाठ झालंय. बहुतेक जण थेट आलेखापासून, नाहीतर एखाद्या भारी अल्गोरिदमपासून सुरुवात करतात आणि महिनाभरात कंटाळतात. कारण हातातली नोंद सर्वेक्षणासाठी लिहिलेलीच नसते. ती रुग्णावर उपचार व्हावेत, बिल निघावं, विम्याचा दावा मंजूर व्हावा म्हणून लिहिलेली असते. ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे ज्याला ठाऊक असतं, त्याचाच आकडा पुढे टिकतो.

१. आधी एकच प्रश्न ठरवा

‘सर्वेक्षण’ या शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात आणि तिन्ही एकदम करायला गेलात तर एकही धड होणार नाही.

पहिलं काम म्हणजे लवकर इशारा. इथे निदान पक्कं होण्याची वाट पाहायची नसते. ताप, जुलाब, पुरळ, श्वास लागणं अशा लक्षणांच्या गटांवर नजर ठेवायची. दुसरं म्हणजे कायद्याने कळवावे लागणारे आजार आपोआप कळवणं: गोवर, कॉलरा, क्षयरोग वगैरे. इथे एकेक रुग्ण महत्त्वाचा. तिसरं म्हणजे मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांचा लोकसंख्येवरचा भार मोजणं. त्यात घाई नसते, पण कोणाची नोंद आहे आणि कोणाची नाही हा प्रश्न फार टोचतो.

पहिल्या कामाला काही तासांचा उशीर खुपतो, तिसऱ्याला महिन्याचाही चालतो. वेळेचं माप हवं असेल तर ‘७-१-७’ हे लक्ष्य जगभर वापरलं जातं: साथ ७ दिवसांत ओळखणं, १ दिवसात कळवणं, पुढच्या ७ दिवसांत सुरुवातीचे उपाय पूर्ण करणं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ नुसार आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकेल अशी घटना मूल्यमापनानंतर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावी लागते. तुमची यंत्रणा या साखळीतली कोणती कडी आवळणार आहे ते एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. पुढे कोणी “जरा हेही बघून ठेवा ना” म्हणालं की त्या वाक्याकडे बोट दाखवता येतं.

२. लागणारी कागदपत्रं आणि साधनं

- डेटा देणाऱ्या प्रत्येक संस्थेशी लेखी करार: कोणते रकाने, किती वेळाने, किती काळ ठेवणार, कोण पाहणार
- कायद्याचा आधार: सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्या कलमाखाली किंवा आदेशाखाली डेटा मागताय
- काम संशोधन समजलं जाणार असेल तर नीतिशास्त्र समितीची मंजुरी
- डेटा शब्दकोश: प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, शक्य मूल्यं
- रुग्णालयाची स्वतःची कोडयादी आणि ती केव्हा बदलली याची तारीख
- एक डेटाबेस, आणि आर किंवा पायथॉन या संगणकभाषांपैकी जी तुमच्या गटाला येते ती
- प्रत्येक संस्थेतल्या दोन माणसांचे फोन नंबर: एक आयटी विभागातला, एक वॉर्डातला किंवा ओपीडीतला

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. आयटीवाल्यांना रकाना रिकामा का आला ते सांगता येतं. त्या रकान्यात डॉक्टर ‘इतर’ का निवडतात हे मात्र ओपीडीतल्या सिस्टरच सांगू शकतात.

३. नोंद कशी जन्मते ते स्वतः पाहा

ही पायरी सगळे गाळतात. एक दिवस नोंदणीच्या खिडकीमागे बसा आणि एक दिवस ओपीडीच्या कोपऱ्यात. तिथे जे दिसतं ते कुठल्याही डेटा शब्दकोशात नसतं.

जन्मतारखेपासून सुरुवात करा. रुग्णाला फक्त वय सांगता येतं आणि सॉफ्टवेअर पूर्ण तारीख मागतं. मग खिडकीवरची व्यक्ती १ जानेवारी टाकून मोकळी होते. तुमच्याकडे १ जानेवारीला जन्मलेल्यांचा डोंगर उभा राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांचे आकडे काढताना हे चांगलंच भोवतं. शिवाय नाव आणि जन्मतारीख जुळवून दुबार नोंदी शोधणार असाल, तर दोन भिन्न माणसं एक होऊन बसतात.

मग तारखा. एकाच भेटीला चार-चार तारखा असतात: लक्षणं सुरू झाली ती, रुग्ण आला ती, संगणकात भरली ती आणि लॅबने रिपोर्ट मंजूर केला ती. साथीचा आलेख पहिल्या तारखेवर काढायचा असतो आणि नेमकी तीच बहुधा कुठल्याच रकान्यात नसते. डॉक्टरांच्या टिपणात ‘ताप ३ दि.’ एवढंच असतं. ते तीन दिवस वजा करायला शिका. आणि निर्यात झालेल्या फाइलमधली ‘तारीख’ म्हणजे चारांपैकी कोणती, हे विचारल्याशिवाय एकही आलेख काढू नका.

तिसरी गोष्ट निदानाचा कोड. आयसीडी-१० या आजारांच्या कोडांच्या जागतिक यादीत आर५०.९ म्हणजे ‘ताप, कारण अनिर्दिष्ट’. गर्दीच्या ओपीडीत हा कोड पटकन हाताशी येतो, म्हणून डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, साधा विषाणूजन्य ताप सगळे त्यातच जाऊन बसतात. याला डॉक्टरांचा आळस म्हणू नका. पहिल्या भेटीत निदान झालेलंच नसतं आणि प्रामाणिक कोड तोच असतो. उलट काही वेळा ‘संशयित डेंग्यू’साठी थेट डेंग्यूचा कोड पडतो, कारण त्याशिवाय चाचणीची मागणी पुढे सरकत नाही. चाचणी निगेटिव्ह आली तरी कोड तिथेच राहतो. कोविडच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने यू०७.१ हा विषाणू आढळलेल्यांसाठी आणि यू०७.२ हा विषाणू न आढळता लक्षणं किंवा संपर्क यांवरून ठरवलेल्यांसाठी, असे दोन वेगळे कोड दिले ते याच गोंधळापायी.

चौथी गोष्ट मोकळा मजकूर. समजा टिपण असं आहे: ‘ताप ३ दि., पुरळ नाही, उलटी नाही, आईला मागच्या महिन्यात डेंग्यू, डेंग्यू वगळण्यासाठी तपासणी’. नुसते शब्द शोधणारा प्रोग्राम यातून ताप, पुरळ, उलटी आणि दोन वेळा डेंग्यू असं सगळं उचलतो. यातला या रुग्णाचा फक्त ताप. त्यामुळे ‘नाही’, ‘वगळण्यासाठी’, ‘पूर्वी’, ‘आईला’ अशा शब्दांचे नियम आधी लिहा. त्यात एकाच टिपणात दोन-तीन भाषा आणि प्रत्येक डॉक्टरची स्वतःची लघुरूपं असतात. लघुरूपांची यादी संस्थेगणिक वेगळी ठेवावी लागते.

तरीही मोकळा मजकूर टाकून देऊ नका. नव्या आजाराला कोड नसतो. २०१९ मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटमुळे फुफ्फुसांना इजा झालेले रुग्ण येऊ लागले तेव्हा त्यासाठी वेगळा कोडच नव्हता, यू०७.० नंतर आला. तोवर आपत्कालीन विभागाच्या नोंदींत ‘व्हेप’ आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द शोधणं हाच मार्ग होता.

४. रुग्णव्याख्या यंत्राला कळेल अशी लिहा

कागदावरची रुग्णव्याख्या माणसासाठी असते. संगणकाला ती कोड, लॅबचा निकाल, औषध आणि कालावधी अशा अटींमध्ये मांडून द्यावी लागते. एकट्या कोडवर विसंबू नका. दोन-तीन धागे एकत्र वळले की व्याख्या घट्ट होते.

मधुमेह घ्या. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त, अथवा उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, ही लॅबची अट सरळ आहे. औषधांपाशी मात्र घोळ होतो. मेटफॉर्मिन लिहून दिलंय म्हणजे मधुमेह असं गृहीत धरलं, तर पीसीओएसच्या (स्त्रियांमधला संप्रेरकांचा एक विकार) आणि मधुमेहपूर्व अवस्थेतल्या कितीतरी व्यक्ती मधुमेही ठरतात. इन्सुलिनची अट त्यामानाने भरवशाची, पण गरोदरपणातला मधुमेह वेगळा काढायला हवा.

क्षयरोगाचं उदाहरण याच्या उलटं आहे. आयसोनियाझिड प्रतिबंधक उपचारातही देतात, रिफाम्पिसिन कुष्ठरोगातही. पायराझिनामाइड मात्र जवळपास फक्त सक्रिय क्षयरोगात लिहिलं जातं. त्यामुळे त्या एका औषधाची नोंद कित्येकदा निदानाच्या कोडपेक्षा खरी ठरते. अशा खुणा तुम्हाला कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये मिळणार नाहीत, फार्मासिस्टशी बोलावं लागतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधली ईएसपी ही यंत्रणा अशाच मिश्र नियमांवर चालते आणि कळवायचे आजार रुग्णनोंदीतून शोधून थेट आरोग्य खात्याकडे पाठवते.

व्याख्या लिहून झाली की तिने पकडलेल्या काही नोंदी आणि न पकडलेल्या काही नोंदी यादृच्छिक पद्धतीने काढा आणि एका डॉक्टरांना मूळ केसपेपर वाचायला द्या. पकडलेल्यांपैकी खरे किती, आणि खऱ्यांपैकी सुटले किती, हे दोन आकडे मिळाल्याशिवाय व्याख्या वापरात आणू नका. न पकडलेल्या नोंदी तपासायला लोक कंटाळतात. सुटलेले रुग्ण पाहायचे असतील तर ते त्याच गठ्ठ्यात असतात.

५. डेटा इकडून तिकडे नेताना

नावं ऐकून घाबरू नका. एचएल७ ही आरोग्यविषयक संदेशांच्या देवाणघेवाणीची जुनी, सगळीकडे रुजलेली पद्धत आहे आणि फायर हे ती पद्धत बनवणाऱ्याच संस्थेचं वेबच्या काळातलं मानक. लॉइंक लॅब चाचण्यांना कोड देतं, स्नोमेड सीटी वैद्यकीय संज्ञांना, आयसीडी निदानांना. नव्याने येणाऱ्याने एवढं समजून घेतलं तरी पुष्कळ आहे.

खरा वेळ स्थानिक नावांची मानक कोडशी जोडणी करण्यात जातो. एक लॅब ‘डेंग्यू एनएस१’ लिहिते, दुसरी ‘डेंग्यू पॅनेल’ या एका नावाखाली तीन निकाल देते, तिसरी निकालाच्या रकान्यात ‘पॉझिटिव्ह’ऐवजी अधिकचं चिन्ह टाकते. ही जोडणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मग ताडून पाहावी. एककांवर विशेष लक्ष ठेवा. साखर कुठे मिलिग्रॅममध्ये असते, कुठे मिलिमोलमध्ये. १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ७.० मिलिमोल प्रति लिटर. एकक न पाहता ‘१२६ पेक्षा जास्त’ अशी अट लावली तर दुसऱ्या लॅबचे सगळे मधुमेही निरोगी ठरतात, आणि तक्रार करायला कोणी येत नाही.

आणि कृपा करून कच्चा डेटा एक्सेलमधून फिरवू नका. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह नोंदी रोजच्या आकडेवारीतून गळाल्या होत्या. लॅबकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ओतला जात होता, त्यात एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि उरलेल्या ओळी गुपचूप कापल्या गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तेवढा लांबला. उपाय अगदी साधा आहे: पाठवणाऱ्याने ओळींची संख्या वेगळी कळवायची, घेणाऱ्याने मोजायची, जुळली नाही तर काम थांबवायचं.

६. ओळख झाका, पण दोर कापू नका

नाव आणि फोन नंबर काढला की डेटा निनावी झाला, असं अनेकांना मनापासून वाटतं. डेटाच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संशोधक लताया स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख केवळ पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून एकमेव ठरू शकते. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, पत्त्याऐवजी विभाग, आणि एखाद्या चौकटीत आकडा फार लहान असेल तर तो जाहीर अहवालात दाखवू नका. मोकळ्या मजकुरात नावं लपलेली असतात हे विसरू नका, ‘श्री. अमुक यांचा भाऊ’ असं डॉक्टर सर्रास लिहितात.

दुसरं टोकही तितकंच वाईट. सगळं पुसून टाकलं आणि उद्या गोवराचा रुग्ण दिसला, तर त्याच्या घरी कसं पोहोचणार? यासाठी प्रत्येक रुग्णाला सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि क्रमांक उलगडण्याची किल्ली रुग्णालयाकडेच ठेवायची. गरज पडली की ठरलेल्या अधिकाऱ्याने लेखी मागायचं आणि मागणीची नोंद राहायची.

७. नेहमीची पातळी ओळखा, मग इशारा लावा

सोमवारी ओपीडी भरते, रविवारी रिकामी असते. सुट्टीनंतरच्या दिवशी उडी येते. ही लय न काढता इशारा लावला तर दर सोमवारी साथ येईल.

सुरुवातीला साधी पद्धत पुरते. ‘ईअर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी पद्धतींपैकी सी२ घ्या: आजच्या लगतचे २ दिवस सोडून त्याआधीच्या ७ दिवसांच्या सरासरीशी आजच्या आकड्याची तुलना करायची. आजचा आकडा सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनांच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरतात त्याचं माप) वर गेला की इशारा. दोन दिवस सोडण्यामागे कारण आहे: साथ हळूहळू चढत असेल तर तिचे पहिले दिवस सरासरीतच मिसळतात आणि इशाऱ्याची रेषाही तिच्यासोबत वर सरकते. सात दिवस घेतल्याने वारांचा परिणामही थोडा पुसला जातो, पूर्ण नाही.

आता हिशेब करा. समजा ५० संस्था आणि १० लक्षणगट, म्हणजे रोज ५०० आकडे तपासले जाणार. खोट्या इशाऱ्याची शक्यता प्रत्येकी अवघी १ टक्का धरली तरी रोज ५ खोटे इशारे. दोन आठवड्यांत कोणी ते ईमेल उघडणार नाही. म्हणून सगळ्या गटांवर सारखी पाळत ठेवू नका. ज्या इशाऱ्यावर कोणी प्रत्यक्ष काही करणार नाही, तो बंद ठेवा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या उतरत्या रेषेवर विश्वास ठेवायचा नाही, हेही इथेच सांगतो. साथ ओसरलेली नसते, नोंदी अजून आलेल्या नसतात. आलेखावर ते दिवस फिकट रंगात दाखवा. वरिष्ठांना दाखवताना तर नक्कीच.

डेटा प्रचंड आहे म्हणून निष्कर्ष बरोबर, हा भ्रमही लवकर गेलेला बरा. लोकांच्या गूगलवरच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारं गूगल फ्लू ट्रेंड्स २००८ मध्ये आलं तेव्हा सर्वेक्षणाचे दिवस पालटणार असं वाटत होतं. २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज अधिकृत आकड्याच्या जवळपास दुप्पट गेला आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. रुग्णनोंदी शोधयंत्रापेक्षा भक्कम आहेत खऱ्या, पण रुग्णालयात जो पोहोचला तोच त्यांत असतो. लांब राहणारे, पैसे नसलेले, घरीच गोळी घेऊन झोपणारे लोक तुमच्या आलेखात नाहीत. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने लोकांनी रुग्णालयात जाणं टाळलं आणि बऱ्याच इतर आजारांच्या नोंदी घटल्या. आजार घटले होते असं त्यावरून म्हणता येत नाही. त्यामुळे नुसत्या संख्येसोबत एकूण भेटींतलं प्रमाणही पाहत चला.

८. इशारा आला, आता काय

आधी यंत्रणा तपासा, मग आजार. या क्रमाने:

- त्या दिवशी नवी संस्था जोडली गेली का?
- सॉफ्टवेअर बदललं का, ड्रॉपडाउनमधला क्रम बदलला का?
- साचलेल्या जुन्या नोंदी एकदम भरल्या गेल्या का?
- सगळे रुग्ण एकाच डॉक्टरचे किंवा एकाच ऑपरेटरने भरलेले आहेत का?
- एकाच रुग्णाच्या फेरतपासण्या नवे रुग्ण म्हणून मोजल्या गेल्या का?

बरेच इशारे इथेच विरतात. उरतील त्यांची रुग्णयादी काढा: वय, लिंग, विभाग, लक्षणांची तारीख, लॅबचा निकाल. यादी डोळ्यांखालून घाला. एकाच वसाहतीतली शाळकरी मुलं यादीत लागोपाठ दिसली की गणित करायची गरज उरत नाही. मग फोन उचला आणि ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांना विचारा, “तुमच्याकडे हे जाणवतंय का?” हे उत्तर कुठल्याही प्रमाण विचलनापेक्षा लवकर दिशा देतं. संशय उरला तर नमुने गोळा करायला सांगा आणि प्रत्यक्ष पाहणीचं पथक ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना त्याच दिवशी कळवा.

प्रत्येक इशाऱ्याची वही ठेवा: कधी आला, कोणी पाहिला, काय निघालं. पुढची उंबरठ्याची पातळी याच वहीवरून ठरते. आणि ज्यांच्या नोंदी घेता त्यांना दर आठवड्याला एका पानाचं पत्रक पाठवा. आपण भरलेल्या रकान्याचं पुढे काय झालं हे कळलं की आर५०.९ जरा कमी पडू लागतो.

९. कोड बदलतो तेव्हा

शेवटची अडचण सहसा पहिल्या वर्षी येत नाही, म्हणून तिची तयारी कोणी करत नाही. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू झालं असून देश आणि संस्था आपापल्या गतीने त्याकडे वळत आहेत. तुमच्या संस्थांपैकी एखादी ज्या दिवशी वळेल, त्या दिवशी तुमच्या आलेखात एक आजार नाहीसा होईल आणि दुसरा उगवेल. बदलाची तारीख आधी विचारून घ्या. शक्य असेल तर काही आठवडे दोन्ही कोड सोबत मागा. जुन्या-नव्या कोडांची जोडणी तयार झाल्यावर पायरी ४ मधली केसपेपर वाचायची तपासणी नव्या कोडवर पुन्हा करा, आणि नेहमीची पातळी नव्याने बसेपर्यंत त्या संस्थेचे आपोआप जाणारे इशारे थांबवून तिथल्या रुग्णयाद्या रोज हाताने पाहा.